दुपारच्या मेंढीचं तोंड

मीनल, तुझा माऊस आता माझ्या हाताच्या सवयीचा झालाय, पण खुर्ची अजून तुझ्याच उंचीला आहे. माझे पाय टेकत नाहीत खाली. शाळेच्या बाकावर लहान पोरीचे लोंबकळावेत तसे लोंबकळतात. गणेश म्हणाला, "आई, खुर्ची खाली करून देतो की." मी म्हणलं, राहू दे. तुझ्या उंचीवरून जेवढं दिसतं तेवढं बघू दे मला अजून थोडे दिवस.

पडदे पण तसेच आहेत. भेटायला आलेल्या बायकांपैकी कुणीतरी ते सारले होते, "घरात जरा उजेड येऊ द्या" म्हणत. त्या उठून गेल्या की मी परत ओढून घेतले. या खोलीला सवय झालीय अंधाराची. खरं सांगू का, मलाच झालीय.

लोक येतात, बसतात, विचारतात, कसं झालं, कधीपासून होतं, कुठं दाखवलं होतं. ते मी सांगते. ते सांगायला सोपं आहे, सांगून सांगून पाठ झालंय. पण तुझं-माझं जे भांडण अर्धं राहिलंय ते कुणाला सांगू? सासू-सुनेचं भांडण म्हणलं की बायका सरकून जवळ बसतील. आणि मग मी सांगायला लागले की आमचं भांडण मेंढीला तोंड दाखवायचं की नाही यावरून होतं, तर एकमेकींकडं बघतील, म्हणतील, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणून तुलाच लिहिते. माझं अक्षर तुला माहीत आहे, दुकानांच्या पाट्या वाचून वाचून शिकलेलं, सगळी अक्षरं पाटीवरच्यासारखी ढब्बू. वाचशील तू. तुला लागायचं ते.

तू लग्न होऊन बजाजनगरच्या या घरात आलीस तेव्हा मला तुझ्या कामाचं काही कळत नव्हतं. छावणीत, लष्कराच्या वस्तीत वाढलेली मुलगी, इंग्रजी शाळेतली, मोबाईलवरच्या खेळांसाठी चित्रं काढते, आणि घरात बसून पगार येतो, एवढंच. आमच्याकडं पगार म्हणजे कंपनी, शिफ्ट आणि डबा. गणेशच्या बापाचं तसंच होतं, गणेशचं तसंच आहे. मग तुला तो आजार निघाला. आजार तरी कसला, उन्हाशी वैर. डॉक्टर म्हणाले, ऊन अंगावर घ्यायचं नाही, कवडसासुद्धा नाही. मराठवाड्यात राहायचं आणि ऊन घ्यायचं नाही! मी त्यांना तोंडावर म्हणलं, "सायेब, मग पोरीला ठिवू कुठं, रांजणात?" तू हसलीस. डॉक्टर नाही हसले.

आणि वर्षं पण कशी होती ती. ढग यायचे, बघून जायचे. नळाला पाणी कधी येईल हे पाणी सोडणाऱ्या माणसालाही सांगता येत नव्हतं. बाल्कनीत ड्रम, मोरीत ड्रम, पलंगाखाली हंडे. टँकरचा भोंगा वाजला की सगळ्या बायका केस बांधत धावायच्या, मी पण. तू पडद्याच्या फटीतून ओरडून सांगायचीस, "आई, डावीकडं गर्दी कमी आहे!" तेवढीच तुझी टँकरची ड्युटी, सावलीतली.

एका दुपारी टँकर आलाच नाही. रिकामा हंडा घेऊन परत आले, डोकं तापलेलं, तुझ्या खोलीत गार वाटलं म्हणून खालीच बसले. वर बघते तर तुझ्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन. हिरवे, लाल, मधेच एक काळा.

"फरशी बसवतीयस व्हय?" मी म्हणलं. "कुणाच्या घरची?"

तू अशी हसलीस की तुला खोकला आला. "आई, पोपट आहे हा."

"कुठंय पोपट?"

तू काहीतरी दाबलंस. चौकोन मागं मागं गेले, बारीक झाले, आणि बघते तर पोपट. मान वाकडी करून माझ्याकडंच बघतोय. मी दचकले, खरंच. फरशी मी डोक्यावर वाहिलेली बाई. मेंढरं गेली, गाव सुटलं, त्यानंतर वाळूजच्या या बाजूला जेवढ्या बिल्डिंगी उठल्या त्यातल्या कितीतरींमध्ये माझ्या घमेल्यातला माल आहे. मिस्त्री दोरी लावून फरशी बसवताना रोज बघायचे. पण फरशीला फरशी लावून पोपट होतो, हे नव्हतं बघितलं.

तुझ्या त्या पिक्सेलचं नाव आपल्या घरात फरशी पडलं ते तेव्हापासून. एकदा पुण्याच्या तुझ्या साहेबांशी फोनवर बोलताना तुझ्याच तोंडून निघालं, "सर, दो फरशी ऊपर लेती हूँ." फोन ठेवून तू माझ्यावर धावून आलीस. "आई, तुमच्यामुळं माझी नोकरी जाणार आहे एक दिवस!"

"तुम्ही काढून बघा," असं तू म्हणालीस तेव्हा मला वाटलं चेष्टा करतेस. मी म्हणलं, मला नाय जमायचं. तू तुझ्या छावणीच्या बोलीत म्हणालीस, "नक्को नक्को करू नका. एक तांब्या काढा, बस्स." आणि मला त्या उंच खुर्चीत बसवलंस. सोळा फरश्या आडव्या, सोळा उभ्या. मी म्हणलं, एवढ्याशा अंगणात तांब्या मावायचा कसा? तू म्हणालीस, "मावतो. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, तेवढं तुम्ही ठरवा. इथं एक पण फरशी फुकटची नाही. एका फरशीचा डोळा होतो, एका फरशीनं माणूस हसतो."

माझ्या तांब्याचं पोट बघून तू कपाळाला हात लावला होतास. गोलाई काढायला गेले आणि जिना झाला. तू शेजारी बसून बोट ठेवून दाखवलंस. आधी तीन फरश्यांचा तुकडा, मग दोनाचा, मग एकाचा, मग वळायचं. तीन, एक, परत तीन असं केलं की नजर ठेचकाळते. मला ते पटकन कळलं. उतारावरून घागर घेऊन उतरताना पाऊल असंच आखडत जातं, मधेच लांब टाकलं की बाई पडते. तू म्हणालीस, "आई, हे मी माझ्या साहेबांना सांगू का?" मी म्हणलं, सांग, पण फरशी म्हणू नकोस.

मग रंग. मला वाटलं, एवढी मोठी पेटी उघडलीय, हवे तेवढे घेऊ. तू म्हणालीस चारच. जास्त नाहीत.

"चारच? का, रंगाला पण टँकर लावलाय का?"

"हां, लावलाय," तू म्हणालीस. "दुष्काळ आहे. पुरवून वापरा."

आणि पुरले की गं. चार रंगांत तांब्या झाला, लिंबू झालं, आपल्या दारातली चप्पल झाली. चुकत होते, पण होत होतं. माझी सगळ्यात मोठी चूक तुला आठवते? मी तांब्या मधे उजळ करायचे आणि चहूकडून कडेनं काळपट. मला वाटायचं, गोल दिसतो असा. तू म्हणायचीस, "आई, ही उशी झाली. फुगलेली उशी. उजेड कुठून येतोय ते ठरवा आधी. डावीकडून वरून. मग उजवीकडं खाली सावली. एका चित्रात एकच सूर्य." आणि सावलीला काळा लावला की माझा हात धरायचीस. "सावली काळी नसते. बघा तुम्हीच." मी बाल्कनीत जाऊन ड्रमची सावली बघितली. खरंच नव्हती काळी. निळसर होती. इतकी वर्षं सावलीला बसले, सावलीचा रंग नव्हता बघितला मी.

मीनल, एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. वाटायचं, तुला माहीत असेल. मला आयुष्यात कुणी समोर बसवून काही शिकवलं नाही. भाकरी बघून शिकले, घमेलं बघून शिकले, अक्षरं पाट्यांवरून शिकले. चुकलं की बोलणारे लई भेटले. चुकलं की हात धरून "परत" म्हणणारी तू एकटीच. सुनेनं शिकवलं म्हणायला कमीपणा वाटला असं नाही, तसलं काही मनात नव्हतं. नुसतं राहून गेलं. रोज समोर असलेल्या माणसाला असलं कोण म्हणतं?

एकदा तू मला माणूस हलवायला शिकवलंस. एक बाई काढली होती आपण, पदर घेतलेली, अंगठ्याएवढी. तू तिची नक्कल केलीस आणि त्या नकलेत खांदे फक्त एक फरशी खाली घेतले. मग एकदा हे, एकदा ते, असं सुरू केलंस. आणि ती बाई श्वास घ्यायला लागली गं! वर, खाली. वर, खाली. मी बघतच बसले. गॅसवर भाकरी जळाली, घरभर धूर झाला, गणेश शिफ्टवरून येऊन दारातच ओरडला, "काय पेटलंय?" तू म्हणालीस, "काही नाही, आईंनी जीव ओतलाय." गणेशनं पण बघितली ती बाई. तो म्हणाला, "भूतच आहे हे." पण तोही बघत उभा राहिला, डबा हातात तसाच.

मग मी म्हणलं, आता मेंढरं काढणार.

तिथनं भांडण सुरू झालं. मी आमच्या फुलंब्रीकडच्या गावची दुपार काढली. पिवळी माती, तिच्यावर आमची काळी मेंढरं, गोल करून उभी. तुला हवी तशी चारच रंगांत. मोठ्या मायेनं काढलं होतं. तू बघितलंस, डोकं तिरकं केलंस, लहान करून बघितलंस, परत मोठं केलंस.

"आई, यांची तोंडं कुठंयत?"

"पोटाखाली."

"कुणाच्या?"

"एकमेकीच्या. भर दुपार हाय ना. दुपारी मेंढीला तोंड नसतं."

तुला वाटलं मी चेष्टा करतेय. छावणीतल्या मुलीला काय माहीत! मी सांगितलं, ऊन डोक्यावर आलं की मेंढरू चरत नाही. सगळी जवळ येतात, माना खाली घालतात, आणि जी ती आपलं तोंड दुसरीच्या पोटाखालच्या सावलीत घालते. वरून नुसत्या पाठी दिसतात. रानात झाड नसलं की मेंढराला मेंढराचीच सावली. तू ऐकून घेतलंस सगळं, मग म्हणालीस, "ते खरं असेल. पण चित्रात दगड दिसतात. लांबून बघा ना." आणि गणेशला हाक मारलीस. "अहो, इकडं या. सांगा, काय आहे हे?"

गणेश आला, टॉवेलनं तोंड पुसत. बघितलं. "खडी."

"काय?"

"खडीचा ढीग. डंपरनं टाकलाय."

मी किती चिडले होते! मेंढरं राखणाऱ्याच्या घरातलं पोरगं आणि मेंढराला खडी म्हणतंय. तू हसून हसून टेबलावर डोकं ठेवलंस. पण गणेशचा तरी काय दोष? तो रांगत होता तेव्हा चारा-पाण्यावाचून आमची मेंढरं गेली. त्याच्या डोळ्यासमोर वाढलं ते हे शहर, आणि शहर खडीवरच वाढतं.

त्यानंतर रोज हेच. तू म्हणायचीस, सूर्य डावीकडं घ्या, सावली लांब पडेल, आकार कळेल. मी म्हणायचे, सूर्य डावीकडं गेला तर दुपार राहिली कुठं? मग मेंढरं चरायला लागतील. तू म्हणायचीस, तोंडं द्या. मी म्हणायचे, तोंडं दिली तर ऊन लागेल त्यांना. तू म्हणायचीस, "चित्रातल्या मेंढीला ऊन लागत नाही, आई." मी म्हणायचे, मग ते चित्र कसलं?

वरच्या मजल्यावरच्या काकू एकदा दारात थांबून ऐकत होत्या. जाताना म्हणाल्या, "काय हो, मेंढरं घेताय की काय?" आपण दोघी किती दिवस हसलो त्यावर.

तू म्हणायचीस, एकदा दाखवा मला, मग मानते. आणि मी म्हणायचे, नेते. पण नेणार कशी? ती दिसतात भर उन्हात, आणि भर ऊन तुला बंद. पहाटे नेलं तर मेंढरं तोंडं वर करून चरताना दिसली असती आणि तूच जिंकली असतीस. ढगाळ दिवस बघू म्हणलं तर त्या वर्षी ढग कुठं होते? आणि ढग आले तर मेंढरं सावली कशाला धरतील? सगळीकडून दार बंद. जे तुला दाखवायचं ते उन्हाशिवाय दिसत नव्हतं, आणि उन्हात तू येऊ शकत नव्हतीस. हे आपल्या दोघींना कळत होतं. तरी "नेते" आणि "चला" चालूच होतं.

दवाखान्यात तुला खिडकीपासून लांबची खाट मिळाली म्हणून तू खूश होतीस. हात सुजलेले, बोटं वळत नव्हती. मी मोसंबी सोलत होते. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "आई, एक तरी द्या ना."

मला वाटलं, फोड मागतेस. मी पुढं केली. तू मान हलवलीस.

"तोंड. एकाच मेंढीला. बाकीच्यांना नक्को. एक दिसलं की बाकीच्या आपोआप मेंढ्या होतात."

"दुपारी नसतं बाई तोंड," मी म्हणलं.

"मग दाखवा, चला."

"बरी हो. नेते."

"उन्हात?"

"उन्हात. डोक्यावर ऊन असताना."

तू हसलीस. ओठ फुटले होते, तरी हसलीस. "जिद्दी आहात तुम्ही," म्हणालीस. मग नर्स आली, मला बाहेर बसवलं. नंतर तू बोललीस ते गणेशशी, थोडंसंच. आपलं बोलणं मेंढीवरच थांबलं. दुसरं काही बोलायला हवं होतं का, असं मनात येतं. मग वाटतं, दुसरं काय बोललो असतो आपण? रडलो असतो. त्यापेक्षा भांडलो ते बरं.

तू गेलीस त्याला महिना व्हायच्या आत भावकीनं दुखवट्याचं जेवायला गावाकडं बोलावलं. गणेश नाही म्हणत होता, मीच म्हणलं, जाऊन येऊ. मोटारसायकलवर निघालो. फुलंब्री रोड आता मलाच ओळखू येत नाही असा झालाय. जिकडं बघावं तिकडं प्लॉट पाडलेत, पांढरे चुना मारलेले दगड ओळीनं. एका कमानीवर मोठ्या अक्षरात हिरवाई लिहिलंय आणि आत हिरवी काडी नाही. ऊन असं की रस्ता हलताना दिसत होता.

त्या कमानीच्या आत, चुन्याच्या दगडांच्या मधे, मेंढरं उभी होती.

मी गणेशच्या पाठीवर थाप मारली. "थांब. थांब म्हणते ना!" त्याला वाटलं मला चक्कर आली. मी उतरून सरळ आत चालत गेले. काळ्या पाठींचं एक मोठं वर्तुळ. एकही तोंड नाही. खडीचा ढीग, अगदी खडीचा ढीग. मीनल, मी तुझं नाव मोठ्यानं घेतलं तिथं. म्हणलं, बघ की आता! आणि मग उमगलं कुणाला म्हणतेय ते.

मेंढरवाली कमानीच्या खांबाच्या बोटभर सावलीत बसली होती, तुझ्याच वयाची असेल. ती ओरडली, "ए मावशे, काय बघतीस? इकायची नायती!"

"बघू दे गं," मी म्हणलं. "मी बी मेंढरवाल्याचीच हाय."

"मंग ऊन बघायला आलीस व्हय?"

"तसंच समज."

मी तिथंच उभी राहिले. गणेश गाडीपाशी थांबून हाका मारत होता. एवढ्यात कडेची एक मेंढी, जिला वर्तुळात कुणाचं पोट सापडलं नव्हतं, ती वळली. चार पावलं चालत माझ्याकडं आली, आणि माझ्या पायाशी जी एवढीशी सावली पडली होती तिच्यात तिनं तोंड घातलं. माझ्या पायाला नाक टेकवून डोळे मिटले. काळं तोंड, कपाळावर एक पांढरा ठिपका.

मेंढरवाली हसली. "आता हलू नगंस मावशे. तुझ्या सावलीला आलीय ती."

आणि मला आठवलं. कितीतरी वर्षांत आठवलं नव्हतं ते. परकर नेसायचे मी तेव्हा. दुपारी बाप मला मेंढरांत उभं करायचा आणि म्हणायचा, उभी ऱ्हा, हलू नको. मी माझी सावली सांभाळत उभी राहायचे, कारण सरकलं की सावली सरकते आणि मेंढीच्या डोक्यावर ऊन येतं. पाय भाजायचे, पण हलायचं नाही. ती आपल्या भरवशावर झोपलेली असते.

गणेश जवळ आला. "आई, चल ना, ऊन लागंल तुला."

"थांब जरा. झोपलीय ती."

त्यानं मेंढीकडं बघितलं, मग त्या पाठींकडं बघितलं. बराच वेळ बघत होता. मग माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, त्याची पण सावली तिच्या अंगावर पडेल असा. तू गेल्यापासून त्याला मी रडताना बघितलं नव्हतं. तिथं रडला. मी हलले नाही, हात तेवढा मागं करून त्याचं मनगट धरलं.

घरी आल्यावर तुझ्या खुर्चीत बसले. मेंढरांचं चित्र उघडलं. सूर्य डोक्यावरच ठेवला, तो नाही हलवला, तेवढं माझं ऐक. पण मेंढरांच्या कडेला आपली ती पदर घेतलेली बाई आणून उभी केली, आणि तिच्यात तुला काढलं. उंच केली. तुझा तो एक खांदा जरा खाली असतो, तो केला. तुला उन्हात उभं करायचं का, यावर माझं मन किती मागंपुढं झालं ते तुला सांगून कळणार नाही. माऊस हातात घेऊन नुसती बसून राहायचे. मग तुझंच बोलणं आठवलं, चित्रातल्या मेंढीला ऊन लागत नाही म्हणून. मी तेव्हा नाही मानलं, आता मानते. तरी पदर डोक्यावर राहू दिला. तू कधी घेतला नाहीस आणि मी कधी म्हणले नाही. हा मानाचा पदर नाही, उन्हाचा आहे.

तुझ्या पायाशी सावली टाकली. काळी नाही, निळसर. आणि त्या सावलीत एक तोंड. काळ्या तोंडाला त्या चित्रात ओळखणार कसं, तर एक फरशी पांढरी केली, कपाळावरची. एकच. मग मागं मागं जाऊन, लहान करून बघितलं. तू म्हणालीस तसंच झालं गं. ते एक तोंड दिसलं, आणि बाकीचा सगळा खडीचा ढीग मेंढरं होऊन उभा राहिला. दुपार पण राहिली आणि तोंड पण दिसलं. आपण दोघी इतके महिने भांडलो, आणि ते तोंड दिसायला नुसतं कुणीतरी शेजारी उभं राहायला हवं होतं.

गणेश शिफ्टवरून आला. मी काही न सांगता त्याला समोर उभं केलं. लांबूनच, लहान करून.

तो म्हणाला, "मेंढरं."

मग जवळ आला. वाकून बघितलं. तुझं नाव नाही घेतलं त्यानं, बोट तेवढं ठेवलं तुझ्यावर, काचेवरून. मग म्हणाला, "आई, हिला श्वास नाही दिलास? त्या बाईला दिला होता ना तुम्ही. एक फरशी खाली, एक फरशी वर."

मी केला होता विचार. नक्कल काढून पण ठेवली होती, खांदे खाली घेतलेली. हात तिथंच थांबला होता.

"नको," मी म्हणलं. "ती हलली की मेंढीच्या डोक्यावर ऊन येतं."